जॉब पडला, आता? मेनफ्रेमवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली अशा ठिकाणी बसून परदेशातल्या बँकांच्या मेनफ्रेमवरचं (मोठ्या कॉम्प्युटरवरचं) बॅच, म्हणजे रात्री एकापाठोपाठ चालणारे जॉब, सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. हिवाळ्यात लंडनला रात्रीचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे अडीच झालेले असतात. तिकडचं बॅच सुरू होतं आणि इकडे ऑनकॉलवाला फोन उशाशी घेऊन झोपलेला असतो. ॲप्लिकेशनवाल्यांचे प्रश्न आधी घेतलेत, सिस्टम प्रोग्रामिंगकडे वळलेल्यांचे नंतर. सगळी उत्तरं झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम), कोबोल (भाषा) आणि डीबी२ (डेटाबेस) धरून आहेत.

जॉब पडला की सगळ्यात आधी काय उघडायचं?

डम्प, म्हणजे पडतानाच्या मेमरीची प्रत, तर नक्कीच नाही. एसडीएसएफमध्ये (जॉबचं आउटपुट बघायच्या पॅनेलमध्ये) जॉबपुढे प्रश्नचिन्ह टाकलं की आउटपुटचे तुकडे वेगवेगळे दिसतात. त्यातले पहिले तीन, म्हणजे जेईएसचा (जॉब चालवणाऱ्या सबसिस्टमचा) मेसेज लॉग, जेसीएल (जॉबच्या स्टेप आणि फाइली सांगणारी भाषा) आणि सिस्टम मेसेज, वरून खाली वाचा. आयईएफ४५०आय हा मेसेज स्टेप, एबेंड कोड (प्रोग्राम मधेच का पडला त्याचा) आणि रीझन कोड एका ओळीत देतो. त्याऐवजी आयईएफ४५३आय असेल तर घोटाळा जेसीएलचा आहे, प्रोग्राम उघडून बसू नका.

‘एस’ने सुरू होणारा कोड सिस्टमचा आणि हेक्समधला; ‘यू’ने सुरू होणारा प्रोग्रामने किंवा एखाद्या सबसिस्टमने मुद्दाम दिलेला आणि दशमान. यू४०३८ दिसला की नवीन मंडळी यू४०३८चा अर्थ शोधत बसतात. त्यात लँग्वेज एन्व्हायर्नमेंटने (कोबोल प्रोग्राम चालवणाऱ्या रनटाइमने) ‘मी दुकान आवरलं’ एवढंच सांगितलेलं असतं. का आवरलं ते त्याच्या वरच्या, सीईईने सुरू होणाऱ्या मेसेजमध्ये असतं: सीईई३२०७एस म्हणजे सॉक-सेव्हन, सीईई३२०४एस म्हणजे सॉक-फोर. नेहमी पहिला एरर मेसेज पकडा. खालचे पंधरा ही बहुतेकदा त्याचीच पिलावळ असते.

सॉक-सेव्हन (एस०सी७) म्हणजे ‘न्यूमेरिक फील्डमध्ये कॅरेक्टर आलं’, एवढंच ना?

मुलाखतीत एवढं सांगितलं तर चालून जातं. रात्री अडीचला एवढ्यावर भागत नाही.

पॅक्ड डेसिमल (कोबोलमध्ये कॉम्प-३) फील्डमध्ये प्रत्येक बाइटचे दोन अर्धे भाग, म्हणजे निबल, असतात. शेवटचा निबल साइनचा, बाकीचे अंकांचे. अंकांच्या जागी ० ते ९ च चालतात आणि साइनच्या जागी ए ते एफच. पाच अंकी कॉम्प-३ फील्डमध्ये १२३४५ असेल तर तीन बाइट दिसतील: १२ ३४ ५सी. त्याच जागी स्पेस असतील तर ४० ४० ४०, कारण एबसीडिकमध्ये (मेनफ्रेमच्या अक्षरसंचात) स्पेस म्हणजे हेक्स ४०. शेवटचा निबल ०, तो साइन म्हणून चालत नाही, की पडला. लो-व्हॅल्यूजचंही तेच: ०० ०० ०० म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे ०० ०० ०सी.

खरी गंमत डिस्प्ले फील्डची, जिथे एका बाइटमध्ये एकच अंक असतो. साइन असलेलं पाच अंकी फील्ड आहे आणि त्यात आधी दोन स्पेस, मग १२३ आलंय. आत बाइट आहेत ४० ४० एफ१ एफ२ एफ३. गणित करण्याआधी कोबोल त्याला पॅक करतो आणि पॅक करताना शेवटचा बाइट सोडून बाकीच्यांचा वरचा निबल फेकून दिला जातो. उरतं ०० १२ ३एफ. बिनबोभाट चाललं! आता तेच १२३ डावीकडे सरकून पुढे दोन स्पेस आले, तर पॅक केल्यावर होतं १२ ३० ०४. साइनच्या जागी ४, सॉक-सेव्हन. म्हणून ‘काल हीच फाइल चालली होती हो’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. काल स्पेस डावीकडे होते, आज उजवीकडे आहेत.

जाता जाता: फाइलमध्ये १२३४एन असं दिसलं म्हणून कुणाचा हात चुकला समजू नका. ते उणे १२३४५ आहे. शेवटच्या ५ वर उण्याची खूण बसली की बाइट डी५ होतो, आणि डी५ म्हणजे एबसीडिकमधलं ‘एन’. एका नव्या मुलाने असे ‘एन’ हाताने ५ करून दिले होते. उणे रकमा अधिक झाल्या आणि ताळेबंद जुळेना म्हणून दोन दिवस चारजण डोकं धरून बसले होते. त्या चारांत मीही होतो.

मग नेमकी कुठली ओळ आणि कुठला रेकॉर्ड, ते कसं शोधायचं?

सीईईडम्पच्या ट्रेसबॅकमध्ये प्रोग्रामचं नाव आणि ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर, हेक्समध्ये) असतो. समजा +७४ए. कंपाइल लिस्टिंग ऑफसेट किंवा लिस्ट ऑप्शनने काढलेलं असेल तर त्यात प्रत्येक ओळीपुढे तिचा ऑफसेट मिळतो. बरोबर ७४ए सापडेलच असं नाही. ७४४ ला ॲड आणि ७५२ ला मूव्ह असेल तर गुन्हेगार ॲड. लिस्टिंग मात्र प्रॉडक्शनमधल्या लोड मॉड्यूलचंच (चालणाऱ्या प्रोग्रामचंच) हवं. कंपाइलची तारीख आणि वेळ डम्पमध्ये असते, ती ताडून बघा. ‘सोर्स तोच आहे’ म्हणून आज नवं लिस्टिंग काढलं आणि मधे कुणी कॉपीबुक (अनेक प्रोग्राम वापरतात तो फील्डांचा आराखडा) बदललं असेल तर तुम्ही भलत्याच ओळीकडे टक लावून बसाल. फॉल्ट ॲनलायझर किंवा अबेंड-एड असेल तर ते ओळ काढूनच देतात, पण एकदा तरी हे हाताने करा.

रेकॉर्ड शोधायला इनपुट फाइल ब्राउज करून ‘हेक्स ऑन’ करा. एकाच रेकॉर्डमधलं एकच फील्ड नासलंय की त्या फील्डनंतरचं सगळंच एका बाइटने सरकलंय, ते बघा. सरकलं असेल तर डेटाचा दोष नाही. कॉपीबुक बदललं आणि कुठला तरी प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा राहिला. तसं नसेल तर वर्किंग स्टोरेज तपासा: ग्रुपवर मूव्ह स्पेसेस केलं की आतल्या कॉम्प-३ फील्डमध्येही ४० च भरतात. त्यासाठी इनिशिअलाइज आहे.

आणि रेकॉर्ड काढून टाकून जॉब पुढे ढकललात तर तो रेकॉर्ड जपून ठेवा. ते कुणाच्या तरी खात्यातले पैसे असतात.

नवीन कोबोलवर कंपाइल केलं आणि वीस वर्षं चाललेला प्रोग्राम चुकीची उत्तरं द्यायला लागला. कंपाइलरमध्ये बग?

बहुतेकदा नाही. कोबोल ५ आणि ६ चे कंपाइलर वेगळी, जास्त वेगवान इन्स्ट्रक्शन काढतात. जुना कंपाइलर तुलना करतानाही आधी पॅक करायचा, त्यात डावीकडचे स्पेस आपोआप शून्य व्हायचे. नवा कंपाइलर काही वेळा झोन्ड बाइट थेट ताडून बघतो आणि मग ४० काही एफ० नसतो. एबेंड येत नाही, ‘इफ’ चुकीच्या वाटेने जातो. हे सॉक-सेव्हनपेक्षा वाईट, कारण फोनच वाजत नाही. जुन्यासारखं वागवायला झोनडेटा ऑप्शन आहे, पुढच्या आवृत्तीत त्याची जागा इन्व्हडेटाने घेतली. तो लावा, पण डेटा साफ करायचं काम त्याने टळत नाही.

सॉक-फोर (एस०सी४) आणि सॉक-वन (एस०सी१) यांना कसं धरायचं?

सॉक-फोर म्हणजे प्रोग्रामने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला. नेहमीचे संशयित तीन. टेबल १०० चं आणि सबस्क्रिप्ट १०१ वर. कॉल करणाऱ्याने तीन पॅरामीटर पाठवले आणि लिंकेज सेक्शनमध्ये (बोलावलेल्या प्रोग्रामच्या पॅरामीटरच्या यादीत) चार. किंवा ओपनच न झालेल्या फाइलच्या रेकॉर्ड एरियात मूव्ह. ओपननंतर फाइल स्टेटस न बघण्याचं हे फळ.

यातलं पहिलं फार कावेबाज. १०१ व्या खणात लिहिलं म्हणून लगेच पडत नाही. शेजारच्या फील्डवर लिहिलं जातं, प्रोग्राम पुढे चालतो आणि शेकडो ओळींनंतर ते फील्ड वापरताना आडवा होतो. डम्प ती दूरची ओळ दाखवतो. तिथे कितीही बघितलं तरी काही चुकलेलं दिसत नाही, कारण तिथे काही चुकलेलंच नसतं. टेस्टमध्ये एसएसरेंज ऑप्शनने कंपाइल करून तोच डेटा चालवा. खण ओलांडतानाच पकडला जाईल.

सॉक-वनमध्ये मशीनला इन्स्ट्रक्शन म्हणून काहीतरी अगम्य मिळालेलं असतं. म्हणजे कंट्रोल कोडवर नाहीच, डेटावर किंवा शून्य पत्त्यावर गेलाय. बहुतेकदा कॉल केलेला प्रोग्राम लिंकच झालेला नसतो. लिंक-एडिटच्या आउटपुटमध्ये न सुटलेले रेफरन्स बघा; आरसी (रिटर्न कोड) ४ आला म्हणून तो मेसेज कुणीतरी वाचलेला नसतो.

बी-३७, डी-३७, ई-३७: जागा वाढवून पुन्हा टाकला की झालं ना?

डी-३७ म्हणजे प्रायमरी (सुरुवातीला मागितलेली जागा) संपली आणि सेकंडरी (वाढीव) मागितलीच नव्हती. बी-३७ म्हणजे एक्स्टेंट (जागेचे तुकडे) संपले किंवा व्हॉल्यूमवर जागाच उरली नाही. ई-३७ पार्टिशन्ड डेटासेटवर (अनेक मेंबर असलेल्या फाइलवर) जास्त भेटतो. तिथे आधी कॉम्प्रेस करून बघा. डिरेक्टरी भरली असेल तर कोड वेगळा, एसबी१४.

साध्या सिक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर १६ एक्स्टेंट मिळतात. तुम्ही ५० सिलिंडर प्रायमरी आणि १० सेकंडरी मागितली, तर प्रायमरी एकसलग मिळाली असं धरून ५० अधिक १५ गुणिले १०, म्हणजे २०० सिलिंडरला गाडी थांबणार. सेकंडरी १० ची ११ करून काय होणार ते तुम्हीच काढा.

पण जागा वाढवण्याआधी ब्लॉकसाइज, म्हणजे एका वेळी लिहायच्या गठ्ठ्याचा आकार, बघा. ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट मावतात. ८० बाइटचे रेकॉर्ड ब्लॉक न करता लिहिले, तर दर ब्लॉकमागे डिस्क मधली जागा खाते आणि एका ट्रॅकवर फक्त ७८ रेकॉर्ड बसतात. तेच ब्लॉकसाइज २७,९२० ठेवली तर एका ब्लॉकमध्ये ३४९, ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे ६९८. जवळजवळ नऊपट फरक. एका जुन्या जेसीएलमध्ये कुणीतरी ब्लॉकसाइज ८० ठोकून ठेवली होती आणि दरवर्षी कुणीतरी येऊन जागा वाढवून जात होतं. ब्लॉकसाइज ० लिहा, सिस्टम योग्य आकडा स्वतः ठरवते.

जेसीएलमधला कॉण्ड पॅरामीटर (स्टेप गाळायची अट) उलटा का वाटतो?

कारण तो उलटाच आहे. कॉण्ड=(४,एलटी) हे मनात असं वाचा: ‘४ हे आधीच्या आरसीपेक्षा लहान आहे का? असेल तर ही स्टेप चालवू नकोस.’ अट खरी ठरली तर स्टेप गाळली जाते. नवं जेसीएल लिहिताना इफ-देन-एल्स वापरा, मागून येणारे दुवा देतील.

८०६, ९१३, ३२२, ५२२, ७२२?

८०६: मॉड्यूल सापडलं नाही, स्टेपलिब (प्रोग्राम शोधायच्या लायब्ररींची यादी) बघा किंवा नावातलं स्पेलिंग. ९१३: रॅकफने (सिक्युरिटी सॉफ्टवेअरने) अडवलं, आयसीएच४०८आय मेसेजमध्ये कोणाला कुठली परवानगी हवी ते लिहिलेलं असतं, तोच मेसेज जसाच्या तसा सिक्युरिटीवाल्यांना पाठवा, ‘ॲक्सेस येत नाहीये’ असं नको. ३२२: सीपीयूचा वेळ संपला, टाइम वाढवण्याआधी लूप आहे का ते बघा. ५२२: फार वेळ नुसता बसून राहिला. ७२२: आउटपुटच्या ओळी हद्दीबाहेर, कुणीतरी लूपमध्ये डिस्प्ले विसरलाय.

जॉब पडतही नाही, पुढेही जात नाही. काय करू?

कुणीतरी डेटासेट धरून ठेवलाय. लॉगमध्ये ‘वेटिंग फॉर डेटासेट्स’ असा मेसेज असेल. ऑपरेटर कमांडने डी जीआरएस,सी दिलं की कोण धरून बसलंय आणि कोण ताटकळतंय ते दिसतं. दहात सहा वेळा तो आपल्यातलाच कुणीतरी असतो: आयएसपीएफमध्ये (एडिटरच्या पडद्यावर) फाइल उघडी ठेवून चहाला गेलेला. जॉबला डिस्प=ओल्ड हवं असतं, म्हणजे एकट्याचा ताबा. बघणारा बाहेर पडेपर्यंत जॉब दारात उभा. कॅन्सल करण्याआधी त्या माणसाला फोन करा. त्याने काही एडिट करत ठेवलं असेल तर ते जाईल आणि शिव्या तुम्हाला पडतील.

डीबी२चा -८१८ आणि -८०५ यात फरक काय?

प्रीकंपाइलच्या वेळी लोड मॉड्यूल आणि डीबीआरएम (वेगळ्या काढलेल्या एसक्यूएलची फाइल, तिचं बाइंड करून पॅकेज बनतं) दोघांवर एकच टोकन उमटतं, एकाच पावतीचे दोन तुकडे असावेत तसं. -८१८ म्हणजे दोन्ही तुकडे आहेत पण जुळत नाहीत: मॉड्यूल नवं आणि बाइंड जुनं, किंवा उलट. -८०५ म्हणजे दुसरा तुकडाच सापडला नाही: पॅकेज बाइंड झालं नाही, भलत्या कलेक्शनमध्ये झालं किंवा प्लॅनच्या यादीत ते कलेक्शनच नाही. दोन्हीत पहिला प्रश्न एकच: स्टेपलिबमधून नक्की कुठलं मॉड्यूल उचललं गेलं? टेस्टची लायब्ररी वर राहिली असेल तर रीबाइंड करून काहीही होणार नाही.

-९११ वेगळा. तो डेडलॉक किंवा टाइमआउट, आणि तुमचं काम शेवटच्या कमिटपर्यंत रोलबॅक झालेलं असतं. -९१३ मध्ये रोलबॅक झालेला नसतो. हा फरक न बघता लूपमध्ये ‘पुन्हा प्रयत्न’ लिहिणाऱ्यांचे प्रोग्राम मी दुरुस्त केलेत.

कालपर्यंत चालणारं टूल आज एस०४७ देतंय. कुणी काही बदललं नाही म्हणतात.

बदललंय. एस०४७ म्हणजे अधिकार नसलेल्या प्रोग्रामने राखीव सर्व्हिस मागितली. प्रोग्रामला तो अधिकार मिळायला दोन गोष्टी लागतात: लिंक करताना एसी(१) आणि लायब्ररी एपीएफ (अधिकार दिलेल्या लायब्ररींच्या) यादीत. पण तिसरी अट लोक विसरतात. स्टेपलिबमध्ये पाच लायब्ररी जोडल्या आणि त्यातली एक जरी एपीएफ यादीबाहेरची असली, तरी सगळ्या पाचांचा अधिकार जातो. नासका आंबा आणि पेटी.

हे मी स्वतः केलंय. एका सहकाऱ्याला एक छोटं मॉड्यूल तपासायचं होतं म्हणून त्याची लायब्ररी प्रॉडक्शनच्या प्रोसिजरमध्ये शेवटी, अगदी तळाला जोडली. तळाला आहे, कुणाला बाधणार? पुढचा तास यादीतलं प्रत्येक नाव डी प्रोग,एपीएफच्या उत्तराशी ताडण्यात गेला. नावासोबत व्हॉल्यूमही ताडा. डेटासेट दुसऱ्या व्हॉल्यूमवर हलवला आणि यादीत जुनाच व्हॉल्यूम राहिला, तरी नेमकं हेच होतं.

आणि घाईत सेटप्रोग कमांडने लायब्ररी यादीत घातलीत, तर त्याच रात्री पार्मलिबच्या (सिस्टमच्या सेटिंगच्या लायब्ररीच्या) मेंबरमध्येही लिहा. कमांडने केलेला बदल फक्त पुढच्या आयपीएलपर्यंत (सिस्टम पुन्हा सुरू होईपर्यंत) टिकतो. आयपीएल तीन महिन्यांनी होतो, तेव्हा तुम्ही सुट्टीवर असता आणि ‘कुणी काही बदललं नाही’ हे वाक्य खरं असतं.

महिन्यातून एकदाच येणारा एबेंड कसा पकडायचा?

स्लिप ट्रॅप लावून. अमुक जॉबमध्ये ०सी४ आला की एसव्हीसी डम्प घे, असं सिस्टमला आधीच सांगून ठेवायचं. जॉबचं नाव आणि मॅचलिमिट (किती वेळा पकडायचं त्याची मर्यादा) न घालता लावाल तर जगातले सगळे ०सी४ त्यात पडतील आणि डम्पच्या डेटासेटांनी डिस्क भरेल. काही सॉफ्टवेअर आत ०सी४ येऊ देतात आणि स्वतःच सावरतात, ते बाहेर दिसत नाहीत. ट्रॅपला मात्र दिसतात. पर ट्रॅप, म्हणजे इन्स्ट्रक्शन किंवा स्टोरेजवर पाळत ठेवणारा, सिस्टम हळू करू शकतो. तो दिवसाढवळ्या प्रॉडक्शनवर लावायचा असेल तर आधी सांगून लावा. डम्प आला की आयपीसीएसमध्ये (डम्प वाचायच्या टूलमध्ये) स्टेटस फेलडेटापासून सुरुवात करा.

पीटीएफ (आयबीएमची दुरुस्ती) लावताना ॲक्सेप्ट कधी करायचं?

लगेच नाही. रिसीव्ह, मग ॲप्लाय चेक, त्याचा रिपोर्ट आणि होल्डमध्ये लिहिलेल्या सूचना वाचून मग ॲप्लाय, तेही चालू सिस्टमच्या डिस्कवर नव्हे तर क्लोनवर. ॲप्लाय केलेलं रिस्टोअरने मागे घेता येतं, कारण जुनी प्रत डिस्ट्रिब्युशन लायब्ररीत असते. ॲक्सेप्टने तीच प्रत बदलते. काही आठवडे, शक्यतो एक महिनाअखेर पार पडू द्या.

घरी सराव करता येतो का?

येतो. आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा फुकट आहे, खऱ्या झेड/ओएसवर जेसीएल टाकायला मिळतं. शिवाय हर्क्युलिस एम्युलेटरवर जुनं एमव्हीएस ३.८ साध्या लॅपटॉपवर चालतं. ते २४ बिटचं, म्हणजे १६ एमबीच्या जगातलं आहे, पण तिथला सॉक-सेव्हन अगदी हाच.

मॅनेजर कॉलवर आहेत, ‘आधी रीस्टार्ट करा’ म्हणतायत. करू का?

तीन गोष्टी बघून. पडलेल्या स्टेपने काही अपडेट करून ठेवलंय का? फाइल किंवा टेबल अर्धवट अपडेट झालं असेल आणि प्रोग्रामला चेकपॉइंटवरून उठता येत नसेल, तर रीस्टार्ट म्हणजे तेच व्यवहार दुसऱ्यांदा.

दुसरं, आउटपुट डेटासेट. जेसीएलमधल्या डिस्पच्या तिसऱ्या (पडल्यावर काय करायचं त्या) जागी कॅटलॉग लिहिलं असेल तर अर्धवट फाइल तिथेच पडून आहे. त्याच नावाने पुन्हा बनवायला गेलात की डुप्लिकेट म्हणून जेसीएल एरर येईल.

तिसरं जीडीजी (एकाच नावाच्या फाइलच्या क्रमांकित पिढ्या), आणि इथे सगळ्यात जास्त लोक पडतात. समजा ०२० स्टेपने (+१) बनवली आणि ०४० स्टेप तीच (+१) वाचते. एका जॉबच्या आत दोन्ही ठिकाणी (+१) म्हणजे तीच जनरेशन. पण जॉब ०४० ला पडला आणि तुम्ही तिथून रीस्टार्ट केलात, तर हा नवा जॉब आहे. मघाची जनरेशन आता (०) झाली. (+१) नावाचं अजून काही अस्तित्वात नाही. शेड्यूलरचा रीस्टार्ट हे स्वतः बदलत असेल तर उत्तम, नसेल तर हाताने (०) करा आणि जॉब झाला की जेसीएल पूर्ववत करा. ते विसरलात तर उद्या जॉब हिरवा दिसेल, आरसी ०, आणि ०४० स्टेपने कालची फाइल वाचलेली असेल.

मॅनेजरना सांगा, दहा मिनिटं द्या. आणि रीस्टार्ट देण्याआधी लिस्टकॅट किंवा आयएसपीएफच्या ३.४ मधून त्या जीडीजीच्या शेवटच्या जनरेशनचा पूर्ण नंबर, जी आणि व्हीसकट, वहीत लिहून घ्या. पहाटे चारच्या दुसऱ्या कॉलवर तोच विचारतात.